आंतरराष्ट्रीय डेड स्टॉक रजिस्टर

जुलैचा तिसरा आठवडा. रिटर्नची 31 तारीख डोक्यावर, पोर्टल मनाला येईल तेव्हा चालणार, आणि वर्षभर तोंड न दाखवलेली माणसं पिशवीतून पासबुकं टेबलावर ओतणार. 2023 साली त्यात अधिक महिना लागला होता, त्यामुळे माझी असिस्टंट नवऱ्याला घेऊन माहेरी अनारसे खायला गेलेली. अशा दिवसांत माझ्याकडे नवं काम घेऊन येऊ नये हे रत्नागिरीत सगळ्यांना माहीत आहे. पूर्णगडच्या बाजूच्या त्या मुलाला माहीत नव्हतं.

तसा तो जुना क्लायंट. पुण्याच्या कंपनीत नोकरी, लॉकडाऊनमध्ये घरी आला तो इथूनच काम करतो. साधं पगाराचं रिटर्न, दहा मिनिटांचं काम. बचत खात्याच्या व्याजाचा आकडा शोधत मी स्टेटमेंट खाली सरकवलं आणि परदेशातून आलेल्या चार एन्ट्र्या दिसल्या. मिळून 63,000 च्या आसपास. तिघींपुढे 'डोनेशन' असं लिहिलेलं.

"हे काय रे?"

"ते सर्व्हरचे, मॅडम. प्रोजेक्टचे. पोर्तुगालचा एक जण पाठवतो, मी भाडं भरतो."

प्रोजेक्ट काय ते त्याने सांगितलं तेव्हा मी रिटर्न बाजूला ठेवलं. त्याच्या वडिलांची होडी आहे. खाडीच्या तोंडाला गाळ साचलेला, पाणी चढल्याशिवाय होडी आत-बाहेर होत नाही. आपल्याकडे जुन्या माणसांचा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. वेळ बऱ्यापैकी जमते. पण गाळावर पाणी किती चढणार ते त्यात येत नाही, आणि उधाण (मोठी भरती) नि भांग (लहान भरती) यांत होडी निघणं आणि रुतणं एवढा फरक. याने धक्क्याला रंगाचे पट्टे मारलेली काठी बांधली, वडील वहीत आकडे लिहायला लागले, आणि त्या आकड्यांवर याने भरती-ओहोटीचं गणित करणारं सॉफ्टवेअर लिहिलं. फुकट, कोणीही उचलावं असं. मग हॅम्बुर्गची एक बाई आली, पोर्तुगालचा बोटवाला, ब्राझीलची दोन मुलं, फिलिपीन्सचा एक मास्तर, केरळचा एक जण. याला धरून सात. प्रत्येकाने आपापल्या बंदरात काठी बांधली. पगार कोणालाच नाही.

"म्हणून मॅडम, एक ट्रस्ट करून द्या. मी अध्यक्ष, बाकीचे सहा ट्रस्टी."

माझं लक्ष अजून त्या चार एन्ट्र्यांतच होतं. परदेशी देणगीचा 2010 चा कायदा, म्हणजे एफसीआरए, संस्थांपुरता आहे असं लोक समजतात. त्यात 'व्यक्ती' म्हणजे माणूससुद्धा येतो. बिल फाडून सेवा दिली असती तर प्रश्न नव्हता, धंद्यातली फी कायदा वगळतो. पण याने बिल दिलं नव्हतं, आणि पाठवणाऱ्याने स्वतःच्या हाताने 'देणगी' असं लिहून ठेवलं होतं. प्रामाणिक माणसाइतका कागदावर स्वतःला अडकवून घेणारा दुसरा कोणी नसतो. मुंबईच्या एका सीनियरना फोन केला. उरलेले पैसे परत पाठवायचे, यापुढे एक रुपयाही घ्यायचा नाही आणि खुलासा लिहून फाइलला लावायचा, असं ठरलं. मुलगा पांढरा पडला होता. दहा मिनिटांचं काम दोन तासांवर गेलं.

मग ट्रस्टचा विषय. माझ्या कपाटातल्या निम्म्या फायली देवस्थानं, शाळा आणि ग्रामस्थ मंडळांच्या आहेत, तेव्हा या विषयात मला कोणी शिकवू नये. आपल्याकडे रस्ते तीन. एक, 1950 च्या कायद्याखाली सार्वजनिक न्यास. दोन, 1860 च्या कायद्याखाली सोसायटी; महाराष्ट्रात तिला पुन्हा न्यास म्हणूनही नोंदावं लागतं, एका लग्नाच्या दोन पत्रिका. तीन, कंपनी कायद्याची सेक्शन आठ कंपनी, म्हणजे नफा न वाटणारी, जी दिसायला सगळ्यांत सुटसुटीत असते आणि पहिल्या वर्षीच्या फॉर्मांनंतर कोणालाच तशी वाटत नाही. न्यासात एक विश्वस्त बदलला की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट. तो मंजूर होईपर्यंत नवा विश्वस्तही बदललेला असतो. माझ्याकडे एका मंडळाचे चार चेंज रिपोर्ट एकावर एक पडून आहेत; त्यांतल्या पहिल्यातले दोघे आता हयात नाहीत. स्वयंसेवकांच्या प्रोजेक्टमध्ये तर माणसं दर सहा महिन्यांनी येणार-जाणार.

आणि यांतला कुठलाही रस्ता धरला तरी परदेशी पैशाचं कुलूप तसंच. एफसीआरएची नोंदणी हवी तर संस्था तीन वर्षं जुनी असावी, तेवढ्या काळात मूळ कामावर 15 लाख खर्च झालेले असावेत. यांचा वर्षाचा सगळा खर्च एका चांगल्या म्हशीच्या किमतीचा! नोंदणी मिळालीच तर पैसा पहिल्यांदा उतरणार दिल्लीत, संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या खात्यात. पदाधिकाऱ्यांत परदेशी माणसं दिसली की प्रश्न वेगळे. इथे तर सातांतले पाच परदेशी.

पण माझा आवडता अडथळा वेगळाच आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. तेव्हाच्या, 1961 च्या आयकर कायद्याचं कलम 11(1)(c). धर्मादाय संस्थेला करमाफी मिळते ती भारतात खर्च केलेल्या पैशावर. भारताबाहेर खर्च केलात तर तो हिशेबात धरत नाहीत, फक्त भारताला ज्यात रस आहे असं आंतरराष्ट्रीय हित साधत असेल आणि प्रत्यक्ष कर बोर्डाने तसा आदेश काढला असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे रत्नागिरीच्या न्यासाने ब्राझीलच्या बंदरात 2,000 रुपयांची काठी बांधायची तर ती भारताच्या हिताची आहे, हे आधी दिल्लीला पटवायचं. हे कलम मी त्याला मोठ्या चवीने समजावलं. तो म्हणाला, "मॅडम, काठी त्याने स्वतःच्या पैशाने बांधली." मुद्दा बरोबर होता. मी थोडी हिरमुसले.

शेवटी शनिवारी रात्री नऊला मीटिंग ठरली. ब्राझीलमध्ये तेव्हा दुपार, फिलिपीन्सच्या मास्तरांकडे साडेअकरा. मुलगा वडिलांनाही घेऊन आला, कारण परतताना पावसात घाटीतून त्याला एकट्याला येऊ द्यायला ते तयार नव्हते. ते बाहेरच्या बाकावर छत्री गुडघ्यांत धरून बसले. साडेनऊला लाइट गेली. इन्व्हर्टर माझ्या टेबलापुरता, नेट मुलाच्या मोबाइलवरून.

त्या लोकांनी अभ्यास करून आणला होता. ब्राझीलच्या मुलांना अमेरिकेतली छत्री-संस्था हवी होती. म्हणजे आपली वेगळी संस्था काढायचीच नाही. मोठ्या संस्थेच्या आत प्रोजेक्ट म्हणून राहायचं, पैसा, नाव, डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता, सगळं तिच्या नावावर, आणि ती देणगीतले पाच-दहा टक्के कापून हिशेब सांभाळते. 'सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट' 1997 पासून न्यूयॉर्कमधून हेच करते. डेबियन या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमसारखा अवाढव्य प्रकल्प तिच्या छत्रीखाली आहे. पोर्तुगालवाला स्वित्झर्लंड म्हणत होता, कारण तिथल्या कायद्यात लेखी घटना केली की संघटना जन्माला आली, नोंदणीसुद्धा लागत नाही. हे ऐकून मला खरोखर हेवा वाटला. पण सातांत स्विस कोणी नव्हता. खातं कोण उघडणार? हॅम्बुर्गची बाई म्हणाली, जर्मनीत सात सभासद जमले की 'फेराइन', म्हणजे सभासदांची संघटना, नोंदवता येतो, आमच्याकडे ससे पाळणाऱ्यांचेसुद्धा फेराइन आहेत. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावाल्यांनी 2006 साली इंग्लंडात हमीची, म्हणजे भागांऐवजी सभासदांच्या हमीवर चालणारी, कंपनी काढली तेही निघालं. तासभर देश फिरून झाले.

तेवढ्यात बाहेरून वडिलांचा आवाज आला. "मॅडम, पेटीची चावी कुणाकडे हाय ते इचारलांत काय?"

त्यांच्या गावच्या देवस्थानाचं ऑडिट माझ्याकडेच, त्यामुळे ते कशाबद्दल बोलतायत ते मला लगेच कळलं. मी विचारलं: डोमेन कोणाच्या नावावर आहे?

कोणी बोलेना. मग मास्तर म्हणाले, तो सुरुवातीला होता ना, तो. तो म्हणजे आठवा माणूस, या सातांत नसलेला. चौदा महिने त्याचं उत्तर नाही. डोमेनची मुदत ऑक्टोबरमध्ये संपणार. सर्व्हर मुलाच्या कार्डावर. लोगो ब्राझीलच्या मुलाच्या बहिणीने काढलेला, लिहून काही नाही. कोडच्या साठ्याचं ॲडमिन दोघांकडे, त्यातला एक पुन्हा तोच आठवा. म्हणजे संस्था कुठल्या देशात काढायची यावर आम्ही तासभर भांडत होतो आणि त्या संस्थेला सोपवायला हातात काय आहे हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

मी त्यांना डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे संस्थेच्या सामानाची नोंदवही, करायला सांगितलं. या शब्दाला इंग्रजी प्रतिशब्द शोधत होते, मग लक्षात आलं की शब्द इंग्रजीच आहे, फक्त शाळा-पतपेढ्यांच्या बाहेर तो कोणी वापरत नाही. लाल रेघांचं शाळेचं एक रजिस्टर कपाटातून काढून कॅमेऱ्यासमोर धरलं: अनुक्रमांक, वस्तू, कधी आली, कोणाच्या नावावर, कोणाच्या ताब्यात, शेरा. "बाके 12, त्यांपैकी मोडकी 3." हॅम्बुर्गची बाई खूश झाली. जर्मनांना रजिस्टर आवडतं, हे माझं मत त्या दिवशीचं. आठवड्याभरात 23 ओळींचं रजिस्टर तयार झालं. आठवा माणूस सप्टेंबरमध्ये सापडला. आजारी होता बिचारा, दोन ओळींचं पत्र लिहून सगळं देऊन टाकलं.

मी सल्ला दिला जर्मनीचा. भारतात नको हे तर उघडच होतं, त्यात माझी फी बुडाली त्याचं काही नाही. छत्री की फेराइन, यात मी फेराइनकडे वळले ते मला वार्षिक सभा, इतिवृत्त, हिशेब मंजुरी या गोष्टी दिसल्या की बरं वाटतं म्हणून. मुलाला अध्यक्ष करायचं त्यांच्या मनात होतं. बँकेवर सही त्याची नको, असं मीच सांगितलं. परदेशी खात्यावर सहीचा अधिकार असला की साधं रिटर्न चालत नाही, ते खातं परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावं लागतं, आणि 2015 च्या कायद्यात लपवण्याचा दंड 10 लाख. लहान शिल्लकीला त्यात सवलत आहे, पण नोटिशीचं उत्तर देण्यात सवलत नाही. सही नसेल तर अध्यक्षपण तरी कशाला, म्हणून त्याने तेही सोडलं. साधा सभासद राहिला.

घटनेचा इंग्रजी मसुदा माझ्याकडे आला तो मी पेन्सिल घेऊन वाचला. गणपूर्ती, सभेच्या नोटिशीचे दिवस, हिशेब तपासणी, विसर्जनानंतर मालमत्ता कोणाला, सगळ्यापुढे बरोबरच्या खुणा केल्या. सभासदत्वाचं कलम एका ओळीचं होतं: वर्षाला 12 युरो भरणारा कोणीही. त्यापुढेही खूण आहे. परवा पुन्हा काढून पाहिली, माझीच आहे.

2024 च्या दिवाळीनंतर मुलाचा फोन आला. सभासद 31 झालेले. सॉफ्टवेअरच्या पहिल्या पानावर भरतीच्या वेळेशेजारी तिथी दिसायची ती काढून वेगळ्या जोडणीत (प्लगइनमध्ये) टाकावी, असा ठराव आला. बहुतेकांना ती कळत नाही, पान जड होतं. कारण चुकीचं नाही. ठराव 22 विरुद्ध 6 ने पास झाला. तो चिडलेला वगैरे नव्हता. "मॅडम, प्रोसिजर बरोबर होती," म्हणाला.

हेच मला छळतंय. कारण हे मी आधी पाहिलं होतं. त्याच्याच गावच्या देवस्थानात मुंबईकर सभासद गाववाल्यांच्या दुपटीहून जास्त झाले, आणि शिमग्यात पालखी घरोघर फिरण्याचे दिवस पाचाचे तीन केले, कारण मुंबईकरांची रजा संपते. सभा नियमात, नोटीस वेळेत, मी स्वतः इतिवृत्त तपासलं होतं. छत्रीखाली राहिले असते तर काम करणाऱ्या सातांची कमिटी राहिली असती, कदाचित. कदाचित त्या सातांतही तो एकटाच पडला असता. पण कमीत कमी त्या एका ओळीपुढे मी प्रश्नचिन्ह टाकायला हवं होतं, आणि ते इथल्या माणसाला कळायला हवं होतं, हॅम्बुर्गच्या नाही.

गेल्या महिन्यात वडील एकटेच आले. प्लास्टिकच्या पिशवीत तीन वह्या, धक्क्यावरच्या काठीचे आकडे, खारट हाताने लिहिलेले, काही पानं फुगलेली. रजिस्टरात ही ओळ आहे, मी उघडून पाहिलं: अनुक्रमांक 19, भरतीच्या नोंदींच्या वह्या, पूर्णगड, ताबा, बाबा, शेरा, कोरा.

"ह्या तुमच्या कपाटात ठेवा," म्हणाले. "त्या मुंबईवाल्यांनी मागल्या तर सांगा, मॅडमकडे हायत."

मी म्हटलं, काका, ते मुंबईवाले नाहीत, जर्मनीचे आहेत.

"तेच ते," म्हणाले, आणि पोचपावती मागितली. मी लिहून दिली.