दरीचं दैवत

मंगळवार, रात्री साडेअकरा

आज तिसरी रात्र. ‘ताओ ते चिंग’ या लाओत्सेच्या नावावरच्या प्राचीन चिनी ग्रंथाच्या सहाव्या प्रकरणातून पाय निघत नाही. अख्खं प्रकरण 25 अक्षरांचं! ‘दरीचं दैवत मरत नाही’ अशी सुरुवात. पुढे त्या दैवतालाच गूढ मादी म्हटलंय, आणि त्या मादीचं दार हे आकाश-पृथ्वीचं मूळ.

वांग बीला या दैवतात दिसते ती दरीच्या मधली पोकळी. तिला रूप नाही, सावलीही नाही. इ.स. 249 मध्ये हा भाष्यकार वारला, तेव्हा जेमतेम तेविशीचा होता. एवढ्या वयात इतकं नितळ लिहिलेलं वाचून भरून येतं.

हेशांग गोंग या दुसऱ्या भाष्यकाराच्या नावावरचं भाष्य उघडलं, तर दरीच नाहीशी! तिथे त्याच अक्षराचा अर्थ ‘पोसणं’. शरीरातल्या पाच अवयवांत दैवतं राहतात, त्यांना पोसा, म्हणजे मरण नाही. ‘गूढ’ म्हणजे नाक, ‘मादी’ म्हणजे तोंड. सगळं प्रकरण श्वासाचं होऊन जातं. आणि चीनमधल्या दुनहुआंगच्या गुहेत सापडलेलं शियांगअर भाष्य म्हणतं, दरी म्हणजे इच्छा: दैवतं मरू नयेत असं वाटत असेल, तर आपलं सत्त्व जपा. हे भाष्य ‘स्वर्गीय गुरू’ नावाच्या ताओ पंथाचं. इ.स. 142 मध्ये सिचुआनात झांग दाओलिंगला देवरूप लाओत्सेनं दर्शन दिलं, असं तो पंथ मानतो.

आधी ताओचं निखळ तत्त्वज्ञान होतं, मग देवळं, मंत्र, अमरत्वाचा हव्यास आला आणि ते नासलं, हे मी कित्येक वर्षं खरं धरून चालले. पण शियांगअर साधारण इ.स. 200 च्या सुमाराचं मानतात, म्हणजे वांग बीच्या जन्माआधीचं! मग कोण कुणाला नासवणार? त्या भक्तांवर मी अन्याय केला, हे आज फार टोचलं.

ह्युएन त्संग आठवला. पुलकेशीच्या महाराष्ट्रातून फिरून गेलेला हा चिनी बौद्ध भिक्षू. इ.स. 647 मध्ये सम्राट ताइझोंगनं त्याला हेच पुस्तक संस्कृतात न्यायला सांगितलं. ‘ताओ’ला तो ‘मार्ग’ म्हणत होता, सोबतच्या ताओ पंडितांना ‘बोधी’ हवं होतं. वाद चांगलाच पेटला. बुद्धाचा शब्द लाओत्सेच्या तोंडी घालायला तो तयार नव्हता, आणि मला त्याचंच पटतं.

वहीत मी ‘वाट’ लिहिलंय, पेन्सिलीनं. उद्या पहाटे हेशांग गोंग पुन्हा वाचायचा, नाकातोंडातून येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष ठेवून.