जानेवारीतली सभा आणि काकांची वही

दर जानेवारीत, शेवटच्या रविवारी, आमच्या चर्चची वार्षिक सभा असते. गेली २२ वर्षं मी एकही चुकवलेली नाही, एकदा अंगात ताप होता तरी गेले आणि मागच्या खुर्चीवर शाल गुंडाळून बसले. यंदाची झाली तेव्हापासून मनात होतं की हे एकदा मराठीत लिहून काढायचं, कारण आमच्या मराठी मंडळातल्या मैत्रिणींना मी म्हटलं की "रविवारी जमणार नाही गं, चर्चची ॲन्युअल मीटिंग आहे", की त्या हमखास विचारतात, "चर्चमध्ये कसली मीटिंग? फादर ठरवतात ना सगळं?"

नाही ठरवत. निदान आमच्याकडे तरी नाही.

मी मूळची पुण्याची, पंचहौदची. पंचहौद म्हटलं की पुणेकरांना १८९० सालचं चहाचं प्रकरण आठवतं, टिळक, रानडे वगैरे मंडळी तिथल्या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा प्यायली आणि गोष्ट प्रायश्चित्तापर्यंत गेली ते. मला मात्र आठवतो घंटांचा उंच टॉवर, आणि बाबांची पास्टोरेट कमिटीची, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या कमिटीची फाईल, लाल नाडीची, जिला आम्हा मुलांनी हात लावायचा नाही असा दंडक होता. बाबा बरीच वर्षं कमिटीवर होते. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) झालं, तेव्हापासूनचे कागद त्या फाईलमध्ये होते. लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही न्यू जर्सीला आलो तेव्हा पाळकसाहेबांनी (तुमच्या भाषेत फादरनी) दिलेलं बदलीपत्र घेऊन आलो आणि घराजवळच्या एपिस्कोपल चर्चमध्ये दिलं. सीएनआय आणि एपिस्कोपल, दोन्ही अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या घराण्यातली, त्यामुळे सून नव्या घरात येते तितकं सोपं झालं, नाव रजिस्टरमध्ये लिहिलं आणि संपलं. पुढे कळलं की पंचहौदला ज्या काऊली फादर्सनी (अँग्लिकन मठवासींचा संघ) काम केलं त्यांचाच एक मठ इथे बोस्टनजवळ केंब्रिजला चार्ल्स नदीच्या काठी आहे, तेव्हा किती बरं वाटलं होतं मला.

तर कारभार. आपल्या सोसायटीची मॅनेजिंग कमिटी असते ना, तशी पॅरिशची, म्हणजे एका गावच्या चर्चची, व्हेस्ट्री असते. आमच्याकडे नऊ जण, तीन वर्षांची टर्म, दरवर्षी तिघं जातात आणि तिघं येतात, आणि त्यांना निवडायचं ते या जानेवारीच्या सभेत, साध्या मतांनी. पैसा आणि इमारत व्हेस्ट्रीच्या ताब्यात, उपासना रेक्टरच्या हातात. रेक्टर म्हणजे आपले पाळकसाहेब. (आत्ता आमच्याकडे बाई आहेत.) आणि रेक्टर निवडते तीही व्हेस्ट्रीच, बिशपांच्या संमतीने. शिवाय दोन वॉर्डन. सीनियर वॉर्डन रेक्टरचा उजवा हात, रेक्टर नसेल तेव्हा सगळं त्याच्याच डोक्यावर. ज्युनियर वॉर्डन इमारत बघतो, छप्पर, बॉयलर, गटार, बर्फ.

हे असं का, तर त्याला इतिहास आहे. १६०७ ला जेम्सटाऊनला इंग्रज उतरले, तिथून पुढे पावणेदोनशे वर्षं अमेरिकेत या चर्चचा स्वतःचा एकही बिशप नव्हता. लंडनचा बिशप समुद्रापलीकडे, पत्राचं उत्तर यायला महिनोन् महिने. मग गावातल्या माणसांनीच पॅरिश चालवल्या, पाळक नेमणं, चर्च बांधणं, व्हर्जिनियात तर गोरगरिबांची सोयसुद्धा व्हेस्ट्रीच बघायची. जॉर्ज वॉशिंग्टन तिथल्या ट्रूरो पॅरिशच्या व्हेस्ट्रीवर होते. स्वातंत्र्यानंतर पहिले बिशप झाले सॅम्युअल सीबरी, १७८४ ला, आणि तेही स्कॉटलंडला ॲबरडीनमध्ये, कारण इंग्लंडमध्ये अभिषेक करून घ्यायचा तर राजाच्या निष्ठेची शपथ घ्यावी लागली असती. म्हणजे बिशप मागाहून आले, कमिटी आधीपासून होती. बाबांना हे फोनवर सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की पुढच्या रविवारी चर्चबाहेर दहा जणांना सांगितलं त्यांनी.

सभेतले सोपस्कार सांगत बसत नाही. प्रार्थना, कोरम, मागच्या सभेचे मिनिट्स, खजिनदारांचा हिशेब, डायोसीजचा (बिशपांच्या हाताखालच्या प्रांताचा) वाटा, एक मार्चच्या आत भरायचा पॅरोकियल रिपोर्ट, म्हणजे चर्चच्या वर्षाच्या आकड्यांचा अहवाल, मतांच्या चिठ्ठ्या. होतं सगळं.

मी येते ते ज्युनियर वॉर्डनच्या रिपोर्टसाठी.

आमचे एक ज्युनियर वॉर्डन होते, शाळेत मेंटेनन्सला नोकरी करून रिटायर झालेले. इथे ८० वर्षांच्या माणसालाही पहिल्या नावाने हाक मारतात, ते मला अजून जड जातं, त्यामुळे मी त्यांना मनातल्या मनात काकाच म्हणायचे. काकांकडे शर्टाच्या खिशात मावेल एवढी एक स्पायरल वही असायची, कडा काळ्या पडलेल्या, वायरमध्ये पेन्सिल खोचलेली. बाकीचे सगळे छापील रिपोर्ट बघून बोलायचे, काका उभे राहायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे, वही डोळ्यांजवळ धरायचे आणि महिन्यामहिन्याने वाचायचे. जानेवारी, बॉयलरचा पंप गेला, रात्री अकरा वाजता कोण आलं. मार्च, हॉलच्या बाथरूमचा व्हॉल्व, साडेचार तास लागले, आणि तेवढा वेळ टॉर्च कोणी धरला त्या १२ वर्षांच्या मुलाचं पूर्ण नाव. जून, गटारातून मेपलची पानं काढली, शिडी कोणाची. एकेक नाव वाचून वर बघायचे, तो माणूस हॉलमध्ये असला तर त्याच्याकडे बघून मान हलवायचे, नसला तरी थांबायचे तेवढंच. आणि दरवर्षी शेवटी एक ओळ ठरलेली असायची, की बर्फ वितळवायच्या मिठाच्या दोन पिशव्या कोणीतरी मागच्या दाराशी ठेवून गेलं, नाव लिहिलं नाही, आभारी आहे.

इतकंच. देवाचं नाव नाही, बायबलचं वचन नाही. पण मला दर वेळी घशात आवंढा यायचा आणि अजून येतो, कारण मला बाबांची फाईल दिसायची, त्यातल्या पावत्या, चुन्याच्या पोत्यांचा हिशेब, गवंड्याला दिलेला चहासुद्धा लिहिलेला. मोठमोठी प्रवचनं ऐकली मी, चांगली होती, पण कोणीतरी आपलं घर असल्यासारखं त्या इमारतीकडे बघतंय आणि मदत करणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहून ठेवतंय, हे ऐकलं की मला वाटतं चर्चची मंडळी म्हणतात ती हीच.

आता मनातली एक खंत पण लिहिते. ईस्टरला आमचं चर्च गच्च भरतं, बाजूच्या भिंतीला लोक उभे असतात. वार्षिक सभेला एका वर्षी मी स्वतः मोजले, ४१. उपासना संपते, लोक कॉफी घेतात, केकचा तुकडा घेतात, आणि खजिनदार उभे राहिले की बाजूच्या दाराने पार्किंगमध्ये. मग मार्चमध्ये हीच मंडळी विचारणार की हॉलला हा रंग कोणी ठरवला, संडे स्कूलचं बजेट का कमी केलं. अहो, ठरवलं तेव्हा तुम्ही कुठे होतात? मी तीन वर्षं व्हेस्ट्रीवर आणि नंतर पाच वर्षं क्लार्क होते, म्हणजे मिनिट्स लिहायला, आणि जे आले त्यांची नावं माझ्याकडे आहेत, जे आले नाहीत ती पण लक्षात आहेत. त्यातली काही माणसं मला फार प्रिय आहेत म्हणूनच जास्त लागतं.

एक वर्ष विशेष सांगायचंय. आमचे जुने रेक्टर निवृत्त झाले होते, नवीन मिळायचे होते, सर्च कमिटी बसली होती, आणि रविवारी कुठून ना कुठून पाहुणे पाळक यायचे. सभेच्या दिवशी सकाळी असा बर्फ पडला की येणारे पाळक हायवेवरूनच मागे फिरले. आम्ही १९ जण पोचलो होतो. सीनियर वॉर्डन तेव्हा एक बाई होत्या, बार्बेडोसच्या, आयुष्यभर नर्सिंग केलेल्या, आवाज एकदम खणखणीत. पाळकांशिवाय प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, होऊ शकत नाही, पण सकाळची प्रार्थना आमच्यातलं कोणीही चालवू शकतं, तसा नियमच आहे. त्यांनी कोट काढला, प्रार्थनेचं पुस्तक घेतलं आणि सुरू केलं. पापांगीकारानंतर क्षमेचं वचन असतं ना, ते पाळक उभं राहून म्हणतात, देव तुम्हांवर दया करो, तुमच्या पापांची क्षमा करो. पाळक नसेल तर म्हणणाऱ्याने गुडघ्यांवरच राहायचं आणि 'तुम्हां'च्या जागी 'आम्हां' म्हणायचं, असं पुस्तकात बारीक तिरप्या अक्षरात दिलंय. मला हे माहीत नव्हतं. त्या बाई गुडघ्यांवरच राहिल्या, त्यांचे गुडघे दुखायचे हे आम्हा सगळ्यांना ठाऊक, कठडा एका हाताने घट्ट धरलेला, आणि म्हणाल्या, देव आम्हांवर दया करो. तो 'आम्हां' अजून माझ्या कानात आहे.

मग त्याच १९ जणांनी खाली हॉलमध्ये जाऊन सभा घेतली, कोरम नव्हता, म्हणून रीतसर तहकूब करून पुढच्या रविवारी परत घेतली, पण काकांनी तेवढ्यात वही काढून वाचलीच. म्हणाले, आलात तर ऐकून जा.

आमच्यात एक आजी होत्या, ९० च्या पुढच्या, आता ख्रिस्तवासी झाल्या. त्या सांगायच्या की त्या तरुण होत्या तेव्हा सभेचे सँडविच बायका करायच्या आणि व्हेस्ट्रीत पुरुष बसायचे. राष्ट्रीय पातळीवर जनरल कन्व्हेन्शन असतं, तीन वर्षांनी भरतं, तिथे प्रत्येक डायोसीजमधून चारपर्यंत पाळक आणि चारपर्यंत साधी माणसं जातात, मताला दोघांनाही सारखा मान. पण त्या साध्या माणसांत बायकांना रीतसर बसायला मिळालं १९७० ला. म्हणजे आमचं सीएनआय झालं त्याच वर्षी! हे मी त्या आजींना सांगितलं तेव्हा त्यांनी माझा हात धरून ठेवला बराच वेळ. मी व्हेस्ट्रीला उभी राहिले ती त्यांनीच माझं नाव सुचवलं म्हणून, माझ्या इंग्रजीची मला भीती वाटायची, तर म्हणाल्या तुला हिशेब येतो ना, पुरे.

२०२१ ची सभा झूमवर झाली. सगळे चौकोनात, निम्मे म्यूटवर. काकांनी आपला रिपोर्ट हॉलच्या खालून, बॉयलरच्या बाजूला उभं राहून दिला, फोन कुठेतरी टेकवून ठेवलेला, त्यांची अर्धी हनुवटी आणि वही दिसत होती. वर्षभर चर्च बंद, तरी दर आठवड्याला जाऊन ते सगळे नळ थोडे थोडे सोडून येत होते, पाइप गोठू नयेत म्हणून. यादी छोटी होती, नावं दोन-तीनच. पण मिठाची ओळ होती.

त्यानंतर त्यांनी काम सोडलं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता मुलीकडे असतात. नवीन ज्युनियर वॉर्डन ३० च्या आतली मुलगी आहे, सगळं फोनमध्ये एक्सेलवर ठेवते आणि पडद्यावर दाखवते. पहिल्या वर्षी मला जरा नाराजीच वाटली, खरं सांगते. पण तिच्या शीटमध्ये एक कॉलम आहे, मदत कोणाची, आणि ती तो पूर्ण वाचते, एकही नाव गाळत नाही.

आता ज्यांच्यामुळे ही सभा दरवर्षी होते त्यांना लिहायलाच हवं, नावं द्यायची परवानगी विचारली नाही म्हणून कामावरून लिहिते, ज्याचं त्याला कळेल. ऑल्टर गिल्डच्या तिघी, शनिवारी येऊन कापडं इस्त्री करतात आणि चांदी पुसतात, कोणाला दिसत नाही. दर रविवारी दान मोजणारे दोघं, एकाच घरातले दोघं चालत नाहीत असा नियम म्हणून एका काकूंनी नवऱ्यासोबत मोजायचं सोडून दुसरी जोडी पकडली, १४ वर्षं झाली. दाराशी उभे राहून डोकी मोजणारे अशर, त्यांच्याच आकड्यांवर पॅरोकियल रिपोर्ट उभा असतो. ऑफिसच्या सेक्रेटरीबाई, वार्षिक रिपोर्ट छापून पिना मारतात, दरवर्षी कोणीतरी आपला रिपोर्ट शनिवारी रात्री पाठवतं तरी. खजिनदार आणि त्यांच्या आधीचे खजिनदार, ज्यांनी प्लेजची, म्हणजे वर्षाचं दान कबूल केल्याची कार्डं वर्षानुवर्षं अक्षराक्रमाने लावली. ऑर्गन वाजवणारे. मोठ्या क्रॉकपॉटमध्ये चिली (इथला तिखट रस्सा) आणणारे गृहस्थ. माझा मसालेभात असतोच, आमचे मिस्टर तो टोप बर्फातून उचलून आणतात, त्यांचंही नाव यात धरा. नर्सरीत मुलं सांभाळणाऱ्या दोन कॉलेजच्या मुली, त्या नसत्या तर तरुण आईबाप थांबलेच नसते. मतांच्या चिठ्ठ्या मोजणारे, ते जेवायला सगळ्यांच्या शेवटी येतात आणि तोवर चिली संपलेली असते, यंदा मी त्यांच्यासाठी दोन बाऊल काढून ठेवले होते.

संडे स्कूलच्या बाई. फुलांच्या बाई. रॅम्पवरचा बर्फ काढणारे बापलेक.

आणि हे सगळं लिहून झाल्यावर आठवलं, खुर्च्या! हॉलमधल्या सगळ्या खुर्च्या घडी करून भिंतीला लावतो तो टॉर्चवाला मुलगा, आता तो २५ चा आहे, यंदा व्हेस्ट्रीला पहिल्यांदा उभा राहिला आणि निवडून आला, आणि निकाल वाचून झाल्यावर टाळ्या चालू असतानाच पहिली खुर्ची मिटायला लागला.