मोझार्टनं बापापासून लपवलेली गोष्ट

सकाळपासून पाऊस नुसता कोसळतोय, लाईट येऊन जाऊन, बेळगावच्या टिळकवाडीतून बाहेर पडायची सोय नाही, म्हणून अठराव्या शतकातला संगीतकार मोझार्ट, त्याची पत्रं घेऊन बसलो. चुलत बहिणीला लिहिलेली काही पत्रं तर इतकी वाह्यात की घरात मोठ्यानं वाचायची म्हणजे पंचाईतच. ती सोडा, पण 3 जुलै 1778 च्या रात्रीची दोन पत्रं वाचली आणि पुढं सरकताच येईना.

तेव्हा हा 22 वर्षांचा, पॅरिसमध्ये काम शोधत फिरतोय, सोबत आई. बाप लिओपोल्ड घरी, आताच्या ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गला, तिथल्या आर्चबिशपच्या नोकरीत अडकलेला, रजाच नाही. आई तापानं आजारी पडली आणि 3 जुलैला रात्री 10 वाजून 21 मिनिटांनी गेली. हा मिनिटाचा आकडा त्यानंच नंतर लिहिलाय. रात्री दोन वाजता त्यानं बुलिंगर नावाच्या घरोब्यातल्या पाद्र्याला खरं काय ते कळवलं, आणि विनवलं की बाबांना आत्ताच सांगू नका, फक्त हळूहळू मनाची तयारी करा.

आणि त्याच रात्री बापाला काय लिहिलं? आई फार आजारी आहे, देवाच्या मनात असेल तसं होईल. म्हणजे आपलं 'आई सीरियस आहे, मिळेल त्या गाडीनं ये', दुसरं काय! आमची आज्जी गेली तेव्हा पुण्याच्या काकाला असाच फोन केला होता, आणि त्याला म्हणे वाटेत, कर्नाटकच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावरच कळून चुकलं, कारण घरातलं कोणीच फोनवर धड बोलेना.

पण मी हललो ते पुढच्या मजकुरानं. आईचं एवढं लिहून हा पठ्ठ्या थेट आपल्या नव्या सिंफनीच्या, म्हणजे वाद्यवृंदासाठी रचलेल्या संगीताच्या, गप्पा सुरू करतो! 18 जूनला वाजली, लोकांनी कुठं टाळ्या वाजवल्या, शेवटच्या भागात सुरुवातीला मुद्दाम नुसती व्हायोलिनं हळू ठेवली तर सगळे एकमेकांना शू शू करायला लागले, आणि मग एकदम सगळा वाद्यवृंद जोरात आला तसा टाळ्यांचा कडकडाट. नंतर पॅरिसमधल्याच पॅले रॉयालला जाऊन मस्त आईस्क्रीम खाल्लं, नवस बोललेली जपमाळ पण म्हटली. हे लिहिताना आई जाऊन काही तासच झालेले. काही लोक याला निर्दय म्हणतील, मला नाही वाटत. बापाला शंका येऊ नये म्हणून नेहमीसारखं पत्र लिहायचं तर नेहमीच्या गप्पा हव्यातच की, आणि ते करताना त्याला स्वतःलाही तेवढाच आधार झाला असेल.

आता तिकडं साल्झबुर्गची गंमत बघा, गंमत कसली म्हणा. बायकोच्या नावाच्या संतिणीचा सण 26 जुलैला, टपालाला दहाएक दिवस लागायचे, म्हणून लिओपोल्डनं 12 तारखेलाच तिला शुभेच्छांचं पत्र लिहायला घेतलेलं. ते संपायच्या आत 13 ला मुलाचं पत्र हातात पडलं. वाचूनच त्यानं ओळखलं. बुलिंगर घरी आला होता, बाकीचे गेल्यावर मागं थांबला, आणि लिओपोल्डनंच ती गेली असणार म्हटल्यावर त्यानं होकार दिला. म्हणजे पोराचा सगळा बेत एका वाचनात उघडा पडला. इकडं पोरगं 9 जुलैलाच खरं सांगणारं पत्र टाकून मोकळं झालेलं, ते अजून वाटेतच. लिओपोल्डनं मात्र ते अर्धवट पत्रच पुढं लिहिलं. शुभेच्छा आणि दुःख एकाच कागदावर, वर आनंद, खाली आकांत, असलं पत्र मी आजवर वाचलेलं नाही.

पुढं लिओपोल्डनं पोरावर आईच्या मरणाचा ठपकाही ठेवला, तो भाग वाचून राग येतो, पण ज्याची बायको परमुलखात वारली त्या माणसाचं काय घेऊन बसायचं.

आणि मग 4 एप्रिल 1787 चं पत्र. आता बाप आजारी, मोझार्ट व्हिएन्नात. बरं वाटत नसेल तर माझ्यापासून लपवू नका, सगळं खरं लिहा नाहीतर कुणाकडून लिहवून घ्या, म्हणजे मला जमेल तितक्या लवकर येता येईल, असं तो कळवळून मागतो. 28 मेला लिओपोल्ड साल्झबुर्गला वारला. मोझार्ट व्हिएन्नातच होता, त्याला बातमी कळली ती पत्रानंच.