धानाच्या जिल्ह्यातली बदकं: नवेगावबांध, परसवाडा आणि अर्कान्सासचा पाहुणा

नागपूरहून गोंदियाकडची बदकं बघायला जायचं असेल तर आदल्या दुपारीच निघा. पहाटे तीनला निघून उजाडेपर्यंत तलावावर पोचू, हा हिशोब कागदावर छान दिसतो. पण डिसेंबर-जानेवारीत वैनगंगेच्या आसपास धुकं उतरतं आणि राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ट्रकची रांग असते. भंडारा, लाखनी, साकोली करत कोहमाऱ्याला पोचायचं आणि तिथून उजवीकडे नवेगावबांधचा रस्ता धरायचा. एसटीनं जाणाऱ्यांनी साकोलीला गाडी बदलावी. रेल्वेनं यायचं तर गोंदिया-बल्लारशा मार्गावरचं अर्जुनी मोरगाव सोयीचं, पण पुढच्या वाहनाचं आधी ठरवून ठेवा, उतरल्यावर शोधत बसू नका. मुक्कामाची सोय नवेगावला आहे. शनिवार-रविवारी मात्र नागपूरची अर्धी मंडळी तिथं असते.

या वेळी सोबत माझे मामेभाऊ होते. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. ते बरीच वर्षं अमेरिकेत अर्कान्सासला आहेत आणि तिथं दर हिवाळ्यात परवाना काढून बदकांची शिकार करतात. निघायच्या आधी फोनवर त्यांनी सहज विचारलं, "तिकडे कोणाकडे बाराबोर मिळेल का रे?"

हे थोडं सविस्तर सांगतो, कारण हा प्रश्न फक्त परदेशातल्या पाहुण्यांनाच पडतो असं नाही. गावातल्या जुन्या वाड्यात आजोबांची दुनाळी असते, तिचा परवानाही असतो, आणि नातवाला वाटतं की परवाना आहे म्हणजे एखादं बदक चालून जाईल. चालत नाही. शस्त्राचा परवाना १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली मिळतो, तो बंदूक बाळगायचा. पक्ष्यांचा कायदा वेगळा, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. सुरुवातीला त्यात परवाना काढून काही शिकार करता येत असे, १९९१ च्या दुरुस्तीनं तीही वाट बंद झाली. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात शिकार केली तर कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षांची कैद आहे. दादांना हे सांगितलं तर म्हणाले, "बरं झालं. मग दूरबीन आण चांगली."

हौसेला आवर नसला की काय होतं त्याचा दाखला आपल्याच देशात आहे. १२ नोव्हेंबर १९३८ ला भरतपूरला व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठी शिकार ठेवली होती, त्या एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. आज तिथं केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे आणि तो आकडा दगडावर कोरलेला आहे.

नवेगावचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. सात डोंगरांच्या बेचक्यांत पाळी घालून पाणी अडवलेलं आहे. त्या डोंगरांना इकडे सात बहिणी म्हणतात. भंडारा-गोंदियातले असे शेकडो तलाव कोहळी समाजानं बांधले. पुढे ते मालगुजारांकडे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांकडे गेले, मालगुजारी संपल्यावर सरकारी कागदांत 'माजी मालगुजारी' झाले, आणि आता सगळे त्यांना मामा तलाव म्हणतात. त्याहून लहान ती बोडी. बदकं बघायला आलेला माणूस सरळ मोठ्या तलावाकडे जातो आणि बोडीसमोरून गाडी हाकत निघून जातो. तसं करू नका. काणूक, हे आपलं सगळ्यात चिमुकलं बदक, आम्हाला रस्त्याकाठच्या एका बोडीतच दिसलं, कमळाच्या पानांत, हातभर अंतरावर म्हणावं इतकं जवळ.

पाळीवर उभं राहून दादांनी खालच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, बघितल्या. धान कापून झालेलं, कुठे लाखोरी उगवलेली, कुठे अजून पाणी साचलेलं. "हे तर आमच्यासारखंच आहे," ते म्हणाले. अमेरिकेत सगळ्यात जास्त तांदूळ अर्कान्सासमध्ये पिकतो. कापणी झाल्यावर शेतात पाणी भरून ठेवतात आणि उत्तरेकडून आलेली बदकं सांडलेल्या दाण्यावर उतरतात. तिथल्या स्टुटगार्ट गावात बदकाच्या आवाजाची नक्कल करायची स्पर्धा १९३६ पासून भरते. नवेगावातले आमचे नावाडी ढीवर काका हे ऐकून जोरात हसले. "आमच्यात तर पोट्टे फुकटच वरडतेत जी."

रात्री शेकोटीशी बसल्यावर मी दादांना विचारलं की तिकडे शिकारीला सेमी-ऑटोमॅटिक बंदूकच का, आपल्या दुनाळीत काय वाईट? त्यांनी सांगितलं ते मला नवं होतं. अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे चालत नाहीत. तळ्याच्या तळाशी पडलेलं शिसं दाण्याबरोबर बदकांच्या पोटात जातं आणि ती विषबाधेनं मरतात. म्हणून पोलादाचे छर्रे आले. पोलाद शिशापेक्षा हलकं, त्याचा जोर लवकर ओसरतो, त्यामुळे शिशाचा ४ नंबर चालायचा तिथं पोलादाचा २ नंबर घ्यावा लागतो (नंबर लहान, तसा छर्रा मोठा). जखमी बदक पाण्यात लांब जाऊन पडू नये म्हणून दुसरा बार लगेच हवा, आणि सेमी-ऑटोमॅटिकमध्ये दुसरं काडतूस आपोआप चढतं. तरी मोकळं रान नाही. १९३५ पासून तिथं तीन काडतुसांची मर्यादा आहे. नळीत एक, मॅगझिनमध्ये दोन. जास्त मावत असतील तर आत लाकडाची दांडी घालून जागा बुजवतात.

त्यातही दोन जाती. गॅसवर चालणारी बंदूक उडालेल्या बाराचाच थोडा वायू वापरून यंत्रणा मागे ढकलते. खांद्याला धक्का कमी बसतो, पण काजळी धरते आणि सारखी साफ करावी लागते. दुसरी जडत्वावर चालणारी, आत स्प्रिंग आणि बोल्ट. ही हलकी आणि आतून स्वच्छ राहते, चिखलापाण्यात कमी अडते, पण खांदा शेकून काढते. दादांची गॅसची आहे, वय झालं म्हणून, असं तेच म्हणाले. काडतूस तीन इंची. साडेतीन इंची घेणारे पैसे आणि खांदा दोन्ही वाया घालवतात हे त्यांचं मत. मला त्यातलं काही कळत नाही, पण पुढचं वाक्य मात्र मी लगेच उचललं: "दुकानात डोळे मिटून बंदूक खांद्याला लाव, मग डोळे उघड. नजर सरळ माशीवर, नळीच्या टोकावरच्या मण्यावर, आली तर घे. मान हलवावी लागली तर कितीही नामी कंपनीची असो, ठेवून दे."

सकाळी मी हीच परीक्षा आमच्या दोन दुर्बिणींवर केली. डोळे मिटून दूरबीन डोळ्यांना लावायची आणि उघडायचे. एकच गोल, कडेला काळी सावली न येता दिसला पाहिजे. १०×४२ मध्ये मला सावली येत होती, ८×४२ मध्ये नाही (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या रुंदीचा, मिलिमीटरमध्ये). चष्मा असणाऱ्यांनी हे जरूर करून बघावं, आणि डोळा काचेपासून किती लांब ठेवून पूर्ण गोल दिसतो ते अंतर (आय रिलीफ) निदान १५ मिलिमीटर आहे का ते विचारावं. दुकानदार पहिला आकडा मोठा असलेली दूरबीन पुढे करतो, कारण गिऱ्हाईक तेच मागतं. पण ४२ ला ८ नं भागा, सव्वापाच येतात. तेवढ्या मिलिमीटर रुंदीचा उजेड डोळ्यात जातो. १० नं भागलं की ४.२. बदकं बघायची वेळ म्हणजे उजाडताना आणि मावळताना, तेव्हा हा फरक जाणवतो. शिवाय दहापटीत हात थरथरलेलाही दहापट दिसतो. पन्नास पट वगैरे छापलेल्या खेळण्यांकडे तर बघूच नका. खरंच लांबचं बघायचं असेल तर तिवईवर बसणारा स्पॉटिंग स्कोप लागतो, २० ते ६० पटीचा, आणि तो चार जणांत मिळून घ्यावा. एकट्यानं घेतलेला कपाटातच राहतो.

पहाटे अडईंनी शीळ घालत आमच्यावरून फेरी मारली, ही वर्षभर इथंच राहणारी मंडळी. उजेड वाढला तशी पाहुणी मंडळी ओळखू येऊ लागली. दादांनी दुर्बिणीतून बघत पटापट नावं घेतली, ती इंग्रजीत, आणि आम्ही मराठीत. तलवार बदक, थापट्या, गडवाल ही तिन्ही त्यांच्याकडेही असतात, अगदी तीच जात. लालसरी मात्र त्यांनी पहिल्यांदा पाहिली. हळदी-कुंकू बदकाच्या चोचीवरचं पिवळं टोक आणि लाल ठिपके दाखवल्यावर, नाव का पडलं ते सांगावं लागलं नाही. वारकऱ्यांची तर काळी गर्दीच होती. नवख्याला ती सगळी बदकंच वाटतात. कपाळावरचा पांढरा टिळा बघायचा, बदक नाही ते.

उजाडताना तलावाच्या पूर्वेच्या काठावर राहा, सूर्य पाठीशी येतो. पश्चिमेला गेलात तर सगळ्या जाती काळ्याच दिसतील. नऊ-साडेनऊनंतर पाण्यावरची हवा थरथरायला लागते, मग महागडी दूरबीनही उपयोगाची नाही, खाऊन घ्यावं. डोंग्यातून जायचं तर नावाड्याला आधीच सांगा की थव्यात घुसवायचं नाही. पर्यटकाला खूश करायला म्हणून थवा उडवून दाखवतात, आणि रात्रभर उडून आलेल्या पक्ष्याला पुन्हा पंख मारायला लावतात. उबदार कपडे घाला, भडक नकोत. परफ्यूम लावला तरी चालेल, बदकांना त्याचं काही नाही, आमच्या गाडीतल्या लोकांना होतं.

दुपारी काठावर शिंगाडे घेतले. ढीवर काकांनी तलावाची हालहवाल सांगितली. बेशरमाची झुडपं काठ खात चालली आहेत, ती वाढली की उथळ पाणी जातं, आणि उथळ पाणी गेलं की थापट्या, तलवार बदक ही वरवर चरणारी मंडळी येत नाहीत. बुडी मारणाऱ्या लालसरीला खोल पाणी चालतं. यावर दादा म्हणाले की त्यांच्याकडे प्रत्येक शिकाऱ्याला दरवर्षी २५ डॉलरचा 'डक स्टॅम्प' घ्यावा लागतो, १९३४ पासून, आणि तो पैसा पाणथळ जागा विकत घेऊन राखण्यात जातो. मारणाऱ्यानंच तळं राखायचं, हे मला पचायला जड गेलं. पण नुसतं बघणाऱ्या आपण लोकांनी तळ्यासाठी किती रुपये टाकले, या त्यांच्या प्रश्नावर गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी गोंदियाकडे वर चढून परसवाडा आणि झिलमिलीचे तलाव केले. नवेगावाइतकं देखणं काही नाही, भोवती उघडी शेतं, पण बदकं भरपूर आणि नशीब असेल तर सारसाची जोडी. महाराष्ट्रातले सारस मुख्यतः याच जिल्ह्यात उरलेत. त्यांच्यासाठी बांध्यांत उतरू नका. पीक शेतकऱ्याचं, आणि सारस माणूस जवळ आला की जागा सोडतात. रस्त्यावरूनच बघा, शेतात कोणी असेल तर आधी राम राम घाला. सारस कुठे बसतात ते शेतकऱ्यांना तुमच्या ॲपपेक्षा नेमकं ठाऊक असतं.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, तेव्हा गेलात तर मोजलेलं नोंदवून टाका. पाण्यात पक्ष्यांसाठी लावलेलं जाळं किंवा फासे दिसले तर स्वतः हात घालू नका. जागेचा फोटो काढा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. मार्चपर्यंत थवे निघून जातात, त्यामुळे सुट्टी काढायचीच तर फेब्रुवारीच्या मध्यापलीकडे ढकलू नका. तोवर पाणीही उतरलेलं असतं आणि काठाचा चिखल गुडघ्यापर्यंत येतो, गमबूट गाडीत असू द्या.