दुपारी एका सेल्फात, पहाटे नाही

जानेवारीत निफाडचा पारा ५-६ अंशांवर आला की आम्हा द्राक्षवाल्यांची झोप उडते. पहाटे ४ ला मळ्यात जाऊन ठिबक सोडायचं, शेकोट्या पेटवायच्या. नेमकी तेव्हाच आमची जुनी डिझेल पिकअप रुसायची. सेल्फ दणदणीत फिरायचा, डोळे चुरचुरतील इतका पांढरा धूर निघायचा, पण इंजिन उचलायचं नाही. दुपारी मात्र तीच गाडी एका सेल्फात चालू.

मिस्त्रीने आधी नवी बॅटरी घ्यायला लावली. फरक शून्य. मग म्हणाला, पंप खोलू. तिथे मी अडून बसलो. पांढरा धूर म्हणजे न जळालेलं डिझेल. म्हणजे पंप डिझेल देतोय, ते पेटत नाहीये. या इंजिनात ठिणगी नसते, दाबून तापलेल्या हवेवरच डिझेल पेटतं. गारठ्यात थंड लोखंड ती धग पिऊन टाकतं, म्हणून प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग. स्प्रिंगच्या चिन्हाचा दिवा रोज लागून विझायचा, म्हणून माझा प्लगवर संशयच गेला नव्हता. आमच्या गाडीत तो दिवा नुसता टायमरवर चालतो. प्लग तापले की नाही, त्याला पत्ताच नसतो.

स्वस्तातला मीटर घेऊन बसलो. चारही प्लगवर ०.७ ओहम. सगळे ठणठणीत! अर्धा दिवस रिले, फ्यूज तपासण्यात घालवला. चावी फिरवली की पट्टीवर करंट व्यवस्थित येत होता. मग ट्यूब पेटली: चारही प्लग त्या एकाच पट्टीने जोडलेले, तेव्हा मी चौघांचं मिळून मोजत होतो. पट्टी काढली. दोन प्लगवर १.२ (त्यातले ०.३ मीटरच्या वायरींचेच), आणि उरलेल्या दोघांवर मीटरच्या डाव्या कोपऱ्यात नुसता १, म्हणजे करंट पुढे जातच नाही. आतली तार तुटलेली.

खरी कसोटी काढताना. प्लग हेडमध्ये मोडला तर हेड उतरवायची वेळ येते. रात्री बुडाशी गंज सोडवणारं तेल सोडलं, दुपारी इंजिन तापवलं आणि गोटी पाना लावला. तिसरा हलेना. जोर न लावता पाव फेरा मागे, पाव पुढे, पुन्हा तेल. ‘कर्र’ असा आवाज आला तेव्हा माझाच श्वास अडकला, पण निघाला. टोक काळं पडून चिरलेलं. चारही बदलले, तेही जुन्याच व्होल्टेजचे. काही गाड्यांचे प्लग कमी व्होल्टचे असतात, त्यांना थेट १२ व्होल्ट दिले तर जळतात. नवे हातानेच पूर्ण फिरवून बसवले, पाना शेवटी हलकाच.

दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णा शेजारी बसले. चावी फिरवली, दिवा विझेपर्यंत थांबलो, सेल्फ मारला. लागली. “एवढंच होतं व्हय?” अण्णा म्हणाले.

जुनी बॅटरी परत मिळते का बघायला मिस्त्रीला फोन केला. ती त्याने कुणाच्या तरी ट्रॅक्टरला बसवली होती. मस्त चालतेय म्हणे.