त्रास होतोय म्हणजे साफ होतंय?

गेल्या आठवड्यात पहाटे तीनला आत्तेबहिणीचा फोन आला. "ताई, पाठीच्या कण्यातून करंट जातोय, डोकं तापलंय, ध्यानाच्या ग्रुपवर विचारलं तर म्हणाले कुंडलिनी जागी होतेय, घाबरू नकोस, चालू ठेव." (कुंडलिनी म्हणजे योगात कण्याच्या तळाशी निजलेली मानतात ती शक्ती.) किती दिवस झोपली नाहीस विचारलं तर म्हणाली चार. माझ्या पोटात गोळाच आला, कारण चार वर्षांपूर्वी मी ह्यातून गेलेय आणि तेव्हा मलाही सगळे चालू ठेव म्हणत होते.

मी दहा दिवसांच्या मौन शिबिराला गेले होते. पहाटे चारला घंटा, दिवसाला जवळपास दहा तास बसणं, रात्रीचं जेवण नाही, फोन जमा. पहिले पाच दिवस खरंच छान गेले, इतकं शांत मला कधीच वाटलं नव्हतं, ते मी आजही नाकारत नाही. सहाव्या रात्री झोप उडाली ती उडालीच. डोळे मिटले की अंगभर झिणझिण्या, छातीत धडधड, आणि आठव्या दिवशी ताट धुताना स्वतःचे हात बघितले तर ते माझे वाटेनात, दुसऱ्याच कुणाचे तरी हात ताट धुतायत आणि मी लांबून बघतेय असं. शिक्षकांना सांगितलं, ते म्हणाले मनात साठलेले जुने संस्कार वर येतायत, समतेने, म्हणजे मन विचलित न होऊ देता, बघत राहा. मी बघत राहिले, घरी आल्यावरही पंधरा दिवस रोज दोन तास बसत राहिले. त्रास वाढला तरी प्रगती, कमी झाला तरी प्रगती, मग माणसाने थांबायचं कधी हे कुणीच सांगत नाही, आणि माझा राग त्यावर आहे.

आईने शेवटी बसणं बंद करायला लावलं आणि सायकॅट्रिस्टकडे नेलं. डॉक्टरांनी आधी झोपेचं विचारलं, मग घरात कुणाला मानसिक आजार आहे का. काकांना बायपोलर (मूड दोन टोकांना जाण्याचा आजार) आहे, पण शिबिराच्या फॉर्मवर मी ते लिहिलंच नव्हतं, मला वाटलं फक्त माझ्याबद्दल विचारलंय. झोप तुटणं अशा घरातल्या माणसाला फार महागात पडू शकतं हे तेव्हा कळलं. औषधं सुरू झाली, झोप आली, मग हळूहळू हातही माझे झाले.

नंतर वाचत गेले. २०२० साली ८३ अभ्यास एकत्र करून बघितले गेले, त्यात ध्यानानंतर त्रास झाल्याचं प्रमाण साधारण ८ टक्के निघालं, त्यात जास्त करून चिंता आणि नैराश्य. आणि आपल्याकडे हे नवीन नाहीच. हठयोगप्रदीपिका ह्या योगावरच्या जुन्या ग्रंथात स्पष्ट लिहिलंय की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच प्राण, म्हणजे श्वास, हळूहळू वश करायचा, नाहीतर तो साधकालाच मारतो. काश्मीरचे पंडित गोपी कृष्ण तर सतरा वर्षं रोज पहाटे ध्यान करत होते, १९३७ मध्ये जम्मूला त्यांना कुंडलिनी जागी झाल्याचा, प्रकाशाचा मोठा अनुभव आला आणि त्यानंतर झोप गेली, भूक गेली, आतून भाजून निघाल्यासारखं व्हायचं, मरता मरता वाचले ते. कुंडलिनीवर बोलणारे प्रकाशापर्यंतचं सांगतात, पुढचं सांगत नाहीत.

बहिणीला मी फोनवरच सांगितलं, प्राणायाम, ध्यान, ते चक्रांचं सगळं आजपासून बंद, आत्ता उठ, दिवा लाव, नवऱ्याला उठव, वरणभात उरला असेल तर गरम करून खा. सकाळी डॉक्टर. (रात्री-अपरात्री कुणीच नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं.) ती रडायला लागली, म्हणाली इतक्या जवळ आलेय आणि आता सोडू? मी म्हटलं तू कशाच्या जवळ आलीयेस हे मला माहितीये गं, म्हणूनच सांगतेय.

काल मेसेज आला, सात तास झोपले. ग्रुप सोडलास का विचारलं, अजून नाही म्हणाली.