पावणेदोन ग्रॅमचा संसार

रेकॉर्ड ऐकायला लागतं काय? एक टर्नटेबल, एक ॲम्प्लिफायर, दोन स्पीकर. याच भाबड्या समजुतीवर मी या फंदात पडलो. पहिलं यंत्र सगळं पोटात घेऊनच आलं होतं. झाकण उघडलं की आत फिरती चकती आणि पुढे तळहाताएवढे दोन स्पीकर. त्याची सिरॅमिक कार्ट्रिज, म्हणजे सुई धरून तिच्या थरथरीचा विजेचा सिग्नल करणारा चिमुकला ठोकळा, रेकॉर्डवर पाचेक ग्रॅमचा भार टाकायची. चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला दीड-दोन ग्रॅम पुरतात, असं कुठेतरी वाचलं आणि त्या दिवसापासून मला रेकॉर्ड वाजताना ऐकू येईना, नुसती झिजताना दिसायला लागली.

मग वेगळं टर्नटेबल आलं. ते घरात असलेल्या ॲम्प्लिफायरला जोडलं, तर शेजारच्या खोलीत डास गात असावा असा आवाज. विकणाऱ्याचा मनातल्या मनात उद्धार करून झाला. दोष त्याचा नव्हता. मूव्हिंग मॅग्नेट या नेहमीच्या मॅग्नेटिक प्रकारच्या कार्ट्रिजमधून जेमतेम तीन ते पाच मिलिव्होल्टचा सिग्नल निघतो. सीडी प्लेअर दोन व्होल्टच्या आसपास देतो. बरं, नुसता आवाज मोठा करूनही भागत नाही. रेकॉर्ड कोरताना खर्ज मुद्दाम दाबतात, नाहीतर चर इतका नागमोडी होईल की एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं मावायचीच नाहीत. उलट तार स्वर फुगवून कोरतात. वाजवताना ते खाली आणले की सुईची खसखसही त्यांच्याबरोबर खाली बसते. या उलटसुलट हिशेबाचं आरआयएए या अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेचं प्रमाण १९५४ पासून ठरलेलं आहे : अगदी खालच्या २० हर्ट्झच्या स्वराला जवळजवळ २० डेसिबल खाली, अगदी वरच्या २० किलोहर्ट्झला जवळपास तितकेच वर. फोनो प्रीॲम्प नावाची डबी तो हिशेब सरळ करते. गाणं मुळात वाकडं करून ठेवलंय आणि दर वेळी ही बिचारी ते सरळ करून देते, म्हणून या साऱ्या पसाऱ्यात माझा जीव तिच्यावर जरा जास्त आहे.

डबी आली आणि पाठोपाठ गुणगुण आली. एका पट्टीत, अखंड, कुणी तंबोरा जुळवून ठेवून निघून गेल्यासारखी. दोन आठवडे मी प्लग बदलले, जागा बदलल्या, एक जाडजूड केबलही विकत घेतली. शेवटी टर्नटेबलमागची धूळ पुसताना एक बारीक तार हाताला लागली, टोकाला पत्र्याचं चिमुकलं बेचकं असलेली. अर्थिंगची. ती डबीमागच्या स्क्रूखाली अडकवली आणि तंबोरा थांबला. केबल अजून आहे. दिसायला चांगली आहे, एवढं तिच्याबद्दल नक्की सांगता येईल.

सगळ्यात नाजूक काम वजनाचं. टोनआर्मच्या, म्हणजे कार्ट्रिज धरणाऱ्या दांडीच्या, शेपटीकडचं वजन फिरवत फिरवत आणायचं, की आर्म हवेत आडवा तरंगला पाहिजे. ना सुईकडे झुकायचा, ना मागे. सोनाराच्या तराजूसारखा तो वर-खाली हलतो आणि आपण श्वास रोखून बघत राहतो. एकदा स्थिरावला की वजन न हलवता फक्त आकड्यांची कडी शून्यावर आणायची आणि मग दोन्ही मिळून फिरवायची. माझ्या कार्ट्रिजला पावणेदोन ग्रॅम. पहिल्यांदा मी कडीऐवजी वजनच फिरवून बसलो आणि सुई पहिल्या गाण्यावरून थेट शेवटच्या गाण्यावर घसरत गेली. तो ओरखडा अजून आहे, दर फेरीला टक् करतो.

पैसे आधी कशावर खर्चावेत यावर भांडणं जुनी आहेत. पूर्वी बहुतेक जण स्पीकरकडे बोट दाखवत. १९७० च्या दशकात स्कॉटलंडच्या लिन कंपनीने टर्नटेबल आधी, असा हट्ट धरला : सुईने चरातून जे उचललंच नाही, ते पुढचं कुठलंही यंत्र परत आणू शकत नाही. मला हे पटतं. तरी माझ्या घरात सगळ्यात मोठा फरक पडला तो स्पीकर कोपऱ्यातून ओढून भिंतीपासून दोन हात पुढे आणले तेव्हा. घुमणारा खर्ज एकदम शहाण्यासारखा वागायला लागला. पण यात फुकटच काम झाल्यामुळे काही केल्याचं समाधान मिळेना, म्हणून महिन्याभरात कार्ट्रिज बदलली.

कार्ट्रिज उत्तम निघाली, तीच आफत झाली. चकतीचा वेग सारखाच, मिनिटाला ३३⅓ फेरे. पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटीमीटर चर सरकतो, तर आत लेबलापाशी वीस-एकवीसच. तेवढ्याच वेळाचं गाणं निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं. त्यामुळे शेवटच्या गाण्यात ‘स’ आणि ‘श’ जरासे फाटतात. पूर्वी मला हे कधी ऐकू आलं नव्हतं. आता प्रत्येक बाजूच्या शेवटी मी तिसऱ्या गाण्यापासूनच कान टवकारून बसतो.

परवा मुलगी म्हणाली, “बाबा, गाणं कधी लावणार?”

“हे काय, लावलंय की.”

“हे तू तपासतोयस.”

सुई किती तास वाजली याची मी एक वही ठेवतो. पाचशे तास झाले की बदलायची, असा माझा नियम. वहीत तीनशे बाराच तास आहेत, पण त्यात फक्त ऐकलेले लिहिलेत. तपासण्याचे लिहायचे असतात हे कधी डोक्यातच आलं नाही. सुईने ते मोजले असणार. म्हणून नवी मागवली आहे, या वेळी जास्त बारीक घाटाची. ती म्हणे आतल्या चरातले ‘स’ नीट वाचते. फक्त तिचा कोन केसभरही हललेला चालत नाही, तेव्हा आधी त्यासाठी एक चांगलं मोजमाप घ्यावं लागेल.